आठ जिल्ह्यांच्या कलेक्टर आणि झेडपी सीईओ साहेबांना: आमच्या लेकरांच्या चित्राला भाव विचारा

साहेब, मॅडम, नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका विशेष शाळेत हस्तकला शिकवते, चौदा वर्षं झाली. पत्र आठही जिल्ह्यांना मिळून एकच लिहितेय, संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली, कारण इकडच्या तिकडच्या शाळांमधल्या शिक्षकांशी बोलले की सगळीकडं गोष्ट एकच निघते. अर्ज करून झालेत. आवक क्रमांक पडतो, पोच मिळते, पुढं ते कागद कुठं जातात कळत नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

मागच्या ३ डिसेंबरला, दिव्यांग दिनाला, एका सरकारी कार्यालयात आमच्या पोरांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. आमच्या शाळेतून बाहेर पडलेला, अजून आमच्याकडं कामाला येणारा एक पोरगा आहे बावीस वर्षांचा, जन्मापासून ऐकू येत नाही, त्यानं पोळ्याची बैलजोडी काढली होती, शिंगाला हिंगूळ, कपाळाला बाशिंग, अंगावर झूल, आणि मागं त्याचं स्वतःचं घर, पत्र्यावर ठेवलेल्या दगडांसकट. रोज तीन तास बसून अकरा दिवस लागले त्याला. मोठ्या साहेबांना चित्र आवडलं, अगदी मनापासून आवडलं, मी त्यांचा चेहरा बघितलाय. म्हणाले हे माझ्या केबिनमध्ये लावू. टाळ्या झाल्या, फोटो झाला, प्रमाणपत्र आणि गुलाबाचं फूल दिलं, शिपाई चित्र उचलून घेऊन गेला. पोरगा माझ्याकडं वळला आणि अंगठा बोटावर घासला. पैसे? मग पंजा हलवला, किती? मी त्याला खूण केली, नंतर. ते नंतर आजपर्यंत आलं नाही.

साहेबांच्या मनात काही वाईट नव्हतं हे मला माहिती आहे. भाव विचारायचा असतो हे तिथं कुणाला सुचलंच नाही, आणि खरं सांगते, भाव सांगायला माझंही तोंड उघडलं नाही, शिक्षिका म्हणून ही माझी चूकच आहे आणि ती मला अजून टोचते. त्या केबिनमधल्या खुर्चीचं, पडद्याचं, दारातल्या कुंडीचं बिल निघालेलं असणार. चित्राचं निघालं नाही. पोरगा त्यानंतर दोन महिने आला नाही, वडलांनी त्याला किराणा दुकानात पोती उचलायला लावलं, तिथं निदान दिवस मावळला की दोनशे रुपये हातात येतात.

साहेब माझं म्हणणं एवढंच आहे. आमच्या पोरांना वस्तू वाटण्यापेक्षा त्यांच्याकडून काम विकत घ्या. ठरलेल्या भावानं घ्या आणि पैसे वेळेवर द्या.

वाटपाचं काय होतं ते आम्ही दरवर्षी बघतो. ग्रामपंचायतीपासून झेडपीपर्यंत सगळ्यांनी स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असा नियम आहे, चांगला नियम आहे. पण मार्च जवळ आला की घाईघाईनं याद्या निघतात, कुणाच्या खात्यावर हजार-दोन हजार पडतात, कुणाला पिठाची गिरणी, कुणाला शिलाई मशीन, आणि वर्षभर परत शांतता. आमच्याच एका मुलीला शिलाई मशीन मिळालं, तिला सेरेब्रल पाल्सी आहे, उजवा हात आखडतो, तिला दोरा ओवता येत नाही हे यादी करणाऱ्याला माहितीच नव्हतं. ते मशीन त्यांच्या घरात आहे, त्यावर टीव्ही ठेवलाय. तीच मुलगी डाव्या हातानं मातीचं इतकं सुंदर काम करते की बघत राहावं, पण तिला काय करता येतं असं विचारायला कुणी गेलंच नाही. तीनचाकी, श्रवणयंत्र, कुबड्या हे द्यायलाच पाहिजे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी बोलतेय ते अठरा वर्षांवरच्या पोरांच्या रोजच्या कमाईबद्दल.

अठराव्या वर्षी काय होतं ते बाहेरच्यांना कळत नाही. विशेष शाळा तिथं संपते. त्या दिवसापर्यंत लेकरू सकाळी आंघोळ करून, डबा घेऊन, गाडीत बसून येत असतं, त्याला मित्र असतात, त्याच्या नावाचा ब्रश असतो, आणि एका वाढदिवसानंतर ते घरी बसतं. काही ठिकाणी कर्मशाळा आहेत पण मोजक्या, आणि तिथं अजूनही खडू, मेणबत्त्या, फायली, पाकिटं हेच चालतं, शाळेत व्हाइट बोर्ड आले तरी आम्ही खडूच पाडतोय. ज्यांना दहावी-बारावी करता आली त्यांच्यासाठी सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे, पण आमच्या वर्गातली बहुतेक लेकरं त्या परीक्षेपर्यंत पोचूच शकत नाहीत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले, आणि देशाचा आकडा बघितला तर शंभरातले छत्तीसच काही ना काही कामधंदा करणारे होते. बाकीच्यांत म्हातारे आहेत, लहान लेकरं आहेत, मान्य, पण आमच्यासारख्या शाळांतून बाहेर पडून ओट्यावर बसलेली वीस-बावीस वर्षांची पोरंही त्यातच आहेत. संजय गांधी निराधारचे पैसे दीड हजाराचे अडीच हजार झाले, बरं झालं, पण घरात त्या पैशाला कुणी पोराची कमाई म्हणत नाही.

आपल्या मराठवाड्याला हा फरक वेगळा समजावून सांगायची गरज नाही खरं तर. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी बघितला त्यांना विचारा. माझी आजी पाझर तलावाच्या कामावर होती, कडेवर माझी मोठी आत्या, दुपारी सुकडी मिळायची, हातापायाला भेगा. तिनं ते दिवस कधी भीक म्हणून सांगितले नाहीत, ती म्हणायची आम्ही तलाव बांधला. तेव्हाच्या सरकारनं काम काढलं होतं, हजेरीपट होता, हजेरीपटावर तिचं नाव होतं. वि. स. पागे साहेबांनी मांडलेली रोजगार हमी पुढं १९७७ साली कायदा झाली, १९७९ च्या २६ जानेवारीपासून लागू झाली, आणि देशानं तिचा कित्ता गिरवला. ज्या राज्यानं अडल्या माणसाला काम देणं हे सरकारचं कर्तव्य आहे असं कायद्यात लिहिलं, त्याच राज्यात माझ्या विद्यार्थ्यांसाठी हजेरीपट का नाही?

आणि काम नाही असंही नाही. काम भरपूर आहे, तुमच्याच कार्यालयांमधून जातंय, फक्त आमच्यापर्यंत येत नाही. प्रत्येक झेडपी शाळेला बोलक्या भिंती पाहिजेत, अंगणवाडीला पाहिजेत, माझी शाळा सुंदर शाळा आलं तेव्हा तर गावागावात रंगारी मिळेना. आरोग्य केंद्रावर लसीकरणाची चित्रं, ग्रामपंचायतीवर स्वच्छतेची, एसटी स्टँडवर पाण्याची. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, आणि आपल्याकडं १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन, प्रत्येक कार्यक्रमाला मेमेंटो, बुके, शाल. ते फायबरचे सोनेरी मेमेंटो बाहेरच्या मार्केटातून येतात, सगळीकडं एकसारखे, घरी नेल्यावर कपाटावर धूळ खातात.

आम्ही एकदा करून बघितलंय, म्हणून बोलतेय. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका सरपंचबाईंनी शाळेच्या कंपाउंडची भिंत आम्हाला दिली, साठ फूट लांब, पाच फूट उंच. तीनशे स्क्वेअर फूट, तीस रुपये फुटानं नऊ हजार. रंग, ब्रश, प्रायमर, जायचं-यायचं पेट्रोल असे अडीच हजार गेले, राहिले साडेसहा हजार. चार जण, पाच दिवस. हिशोब केला तर माणसी रोजचे ३२५ रुपये पडले. २०२५-२६ साली रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये होती, म्हणजे तेरा रुपये वर. पण गावातला रंगारी मिस्त्री सातशेच्या खाली हजेरी घेत नाही, आणि आमच्या पोरांनी काढलेलं झाड त्या मिस्त्रीच्या झाडापेक्षा सरस होतं, हे मी बाई म्हणून नाही सांगत, मिस्त्री स्वतः बघायला आला आणि पानांचं काम कसं केलं विचारत बसला. आमची पोरं पाच दिवस घेतात तिथं तो तीन घेईल हे खरं आहे. म्हणूनच भाव फुटावर ठरवा, जो मिस्त्रीला तोच आम्हाला. वेळ जास्त लागला तर तो आमचा प्रश्न, पण दिव्यांग आहेत म्हणून फुटाला दहा रुपये कमी, असं जे एका ठिकाणी आम्हाला सुचवलं गेलं, ते करू नका.

त्या चौघांत एक मुलगी होती. तिचे आई-वडील ऊसतोडीला जायचे, दिवाळीनंतर सहा महिने कारखान्यावर, ही आजीपाशी राहायची. बौद्धिक अक्षमता आहे, बोलते थोडं, रेषेच्या आत रंग भरायला बसली की तिला उठवावं लागतं इतकी रमते. घरी तिला कुणी काही विचारायचं नाही, वाढायचं, उठवायचं, झोपवायचं. पगाराच्या दिवशी मी चौघांना सोळाशे पंचवीस-सोळाशे पंचवीस रुपये हातात दिले. पंधरा दिवसांनी तिचे वडील भेटले तर म्हणाले, बाई, आता ही रात्री मलाच सांगती साडेसातला गाडी काढ म्हणून. पुढच्या भिंतीला ते रोज तिला मोटारसायकलवर सोडायला येत होते. त्या वर्षी ते तोडीला गेले नाहीत असं काही झालं नाही, गेलेच, घरचं कर्ज तसंच आहे. पण निघायच्या आधी शाळेत येऊन विचारून गेले की पुढचं काम कधी आहे, आजीला सांगून ठेवतो.

आता दुसरी बाजूही सांगते कारण ती लपवून उपयोग नाही. एका कार्यालयानं आम्हाला दोनशे पणत्या आणि चाळीस भेटकार्डांची ऑर्डर दिली, आम्ही दिवाळीआधी आठ दिवस माल पोचता केला. बिलाला आठ महिने लागले. आधी पॅन पाहिजे, मग तीन कोटेशन पाहिजेत, मग वस्तूचं नाव दरकरारात नाही, मग टेबल बदललं, मग मार्च एंड. मोठ्या ठेकेदाराला हे जमतं, त्याच्याकडं माणूस असतो फेऱ्या मारायला. आमच्याकडं एक पोरगा रोज सकाळी येऊन विचारायचा, बाई पैसे आले? त्याला आठ महिने म्हणजे किती ते समजत नाही, त्याला एवढंच समजतं की काम केलं आणि बाईनं पैसे दिले नाहीत. शेवटी मी स्वतःच्या खिशातून दिले, पण तोवर त्याच्या आईनं त्याला पाठवायचं बंद केलं होतं. म्हणाली, उगं लेकराला आशा कशाला लावता. ती बाई चुकीची नव्हती. म्हणून साहेब, ऑर्डर देताना निम्मे पैसे ॲडव्हान्स आणि उरलेले पंधरा दिवसांत, एवढं एक पत्रक जरी तुम्ही काढलं तरी अर्धं काम होईल. उशिरा पैसे देणार असाल तर ऑर्डर देऊच नका, इतकं मला ते महत्त्वाचं वाटतं.

कायद्यात बसतं का असं विचारतील म्हणून आधीच बघून ठेवलंय. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, त्याचं कलम १९ व्यवसाय प्रशिक्षण आणि स्वयंरोजगाराचं आहे, त्यात दिव्यांगांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीव्यवस्थेचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम २९ मध्ये दिव्यांग कलाकारांना, लेखकांना सोयी, मदत आणि प्रायोजकत्व द्यायचं म्हटलंय. कलम ३७ प्रमाणे गरिबी निर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के आरक्षण आहे. बिल कुणाच्या नावानं काढायचं हा प्रश्न होता, तोही सुटतो, उमेदमध्ये, म्हणजे सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, दिव्यांगांचा वेगळा बचत गट करता येतो, पाच जणांचा सुद्धा, आणि त्यात बाया-माणसं दोन्ही चालतात. आमच्या सात जणांचा गट झालाय, खातं आहे, पासबुक आहे. अध्यक्ष चाकाच्या खुर्चीवरून सही करतो, सही मोठी झोकात आहे त्याची.

अजून एक गोष्ट मनात आहे ती बोलून टाकते. सरकारी भिंत म्हटली की सगळीकडं वारली. वारली सुंदरच आहे, पण ती पालघरकडच्या आदिवासी भावंडांची आहे, तिचं काम त्यांना मिळू द्या. आमच्या घरात काय कमी आहे का. पैठणीच्या पदरावरचा मोर, मुनिया, आसावली, कमळ. हिमरूची नक्षी. तांड्यावरच्या बायांचे आरशा-कवड्यांचे टाके, ते बघून तर आमच्या पोरी रंगात सुद्धा टाके घालतात. जुन्या लुगड्यांच्या वाकळी. धाराशिवजवळ तेर आहे, जुनं तगर, तिथून माल रोमपर्यंत जायचा, रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात तिथल्या मातीच्या मूर्ती ठेवल्यात, मी आमच्या दहा जणांना घेऊन गेले होते. आमची एक मुलगी पूर्ण अंध आहे. मूर्ती काचेमागं, हात लावता येत नाही, म्हणून मी तिला एकेक मूर्ती तोंडानं सांगत होते, केसांची गाठ कशी, कानातलं केवढं. परत आल्यावर तिनं आठ दिवसांत मातीचं एक तोंड केलं, तिच्या बोटांना जसं समजलं तसं, कानातलं गालापेक्षा मोठं. असल्या वस्तू अजिंठ्याच्या टी पॉइंटला, वेरूळला, तेरला, पैठणला विकायला का नसाव्यात? दोन्ही लेण्या १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, जगभरातून माणसं येतात. एक टेबल द्या, वर्षभरासाठी. दिवाळीत चार दिवस कार्यालयाच्या पोर्चमध्ये स्टॉल लावला की पणत्या संपतात आणि पाडव्यानंतर आमचं दुकान बंद होतं, त्याच्यावर घर चालत नाही.

कुणी म्हणेल सगळेच काय कलाकार असतात का. नसतात. माझ्या वर्गात वीस असले तर स्वतःच्या मनानं चित्र उभं करणारे दोन-तीनच असतात, बाकी कुठल्याही शाळेतसुद्धा तेवढेच निघतील. पण अजिंठ्याची भिंत काही एकट्या चित्रकारानं केली नाही. तिथला गिलावा मातीत भुसा, तूस असलं काहीबाही मळून केलाय, त्याच्यावर चुन्याचा हात, मग रंग. ती माती कुणीतरी मळली असेल, कुणी रंग घोटला असेल, कुणी दिवा धरला असेल. आमच्याकडं ऑटिझम असलेला एक मुलगा आहे, त्याला आवाज सहन होत नाही, भिंतीच्या कामाला तो येऊच शकत नाही, पण कागद कापायला दिला तर दोनशे कार्डांत एक सूतही फरक पडत नाही. एक जण फक्त माती मळतो, त्याच्या हाताला जोर आहे आणि त्याला ते आवडतं. एक जण बेस कोट मारतो. मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा एक जण आहे, हात उचलत नाही, तो मोबाईलवर फोटो टाकतो, गिऱ्हाईकाशी बोलतो, हिशोब लिहितो. सगळ्यांना वाटा मिळतो. असं काम वाटून घेतलं की एका चित्रकाराच्या मागं सहा जणांची चूल पेटते.

बाहेर हे झालेलं आहे. अमेरिकेत ओकलंडला १९७४ पासून क्रिएटिव्ह ग्रोथ नावाचं केंद्र आहे, दिव्यांग कलाकारांचा स्टुडिओ, काम विकलं की कलाकाराला वाटा मिळतो. तिथं जुडिथ स्कॉट नावाची बाई होती, डाऊन सिंड्रोम, ऐकू येत नव्हतं, आयुष्याची पस्तीस वर्षं तिला संस्थांमध्ये डांबून ठेवलेलं, मग जुळ्या बहिणीनं बाहेर काढलं आणि १९८७ साली या केंद्रात आणलं. जवळजवळ दोन वर्षं तिनं काही विशेष केलं नाही. मग तिच्या हाताला दोरा लागला, ती वस्तूंना सूत, चिंध्या गुंडाळत गेली, आणि आज ती कामं मोठ्या म्युझियममध्ये आहेत. मला त्यातली ती दोन वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. तिला कुणी सहा महिन्यांत रिझल्ट दाखव म्हणालं नाही. आमच्याकडं प्रशिक्षण येतं ते दोन-तीन महिन्यांचं, सर्टिफिकेट, ग्रुप फोटो, संपलं. तोंडानं आणि पायानं चित्र काढणाऱ्यांची संघटना १९५६ साली एरिक स्टेगमन यांनी सुरू केली, ते स्वतः पोलिओमुळं तोंडात ब्रश धरून काढायचे, तिची भारतातली शाखा मुंबईला आहे, कलाकारांना दर महिन्याला मानधन देतात आणि चित्रांची कार्डं, कॅलेंडरं विकतात. दया म्हणून कार्ड घेऊ नका हे त्यांचं पहिल्यापासून म्हणणं आहे. आणि इतकं लांब कशाला, वरोऱ्याचं आनंदवन आहे की. बाबा आमट्यांनी समाजानं टाकलेल्या माणसांना कामाला लावलं, त्यांचे हातमाग, त्यांची भेटकार्डं, त्यांचा स्वरानंदवनचा ऑर्केस्ट्रा आपण तिकीट काढून ऐकतो. विदर्भात होतं ते आपल्या आठ जिल्ह्यांत का होणार नाही.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालन्याची एमआयडीसी, तिथल्या कंपनीवाल्यांशी तुमची मीटिंग होते, आमची होत नाही. त्यांना तुम्ही सांगा. सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजकामासाठी काढायचे २ टक्के कशावर खर्च करायचे त्याची कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत यादी आहे, तिथं दिव्यांगांची रोजगारक्षम कौशल्यं पण आहेत आणि पारंपरिक कला-हस्तकला पण आहे. आमच्या कामात दोन्ही एकत्र आहेत. भट्टी पाहिजे, एक लाईटवर चालणारी, माती भाजायला, आत्ता आम्ही गोवऱ्यात भाजतो, शंभरातल्या तीस फुटतात. रॅम्पचा एक हॉल पाहिजे तालुक्याला एक. येण्याजाण्याला गाडी पाहिजे, कारण कितीतरी पोरं फक्त एसटीत चढता येत नाही म्हणून घरी आहेत. आणि दिवाळीला स्टाफला जे गिफ्ट देतात त्यातलं एक तरी आमच्याकडून घ्या म्हणावं, ऑर्डर जूनमध्ये द्या म्हणजे आम्हाला जमेल.

आता कलेक्टर साहेबांच्याच हातातल्या दोन गोष्टी. आई-बापांना एक भीती आहे, आणि ती खोटी नाही. लेकरू कमवायला लागलं, खात्यावर पैसे दिसले, तर उत्पन्नाच्या दाखल्यात अडकून निराधारचे पैसे बंद होतील. महिन्याला दोन हजार भिंतीचे मिळवायला जाऊन कायमचे अडीच हजार गेले तर काय करायचं, असं एका आईनं मला विचारलं, माझ्याकडं उत्तर नव्हतं. निदान पहिली दोन-तीन वर्षं असल्या कलाकामाची कमाई त्या उत्पन्नात धरू नये असं वर लिहून पाठवा, आणि तोवर तहसीलला तोंडी तरी सांगा की उगीच कुणाचं नाव कमी करू नका. दुसरं पालकत्वाचं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता, यांच्यासाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे, अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमायची समिती जिल्ह्यात कलेक्टर साहेबांच्या हाताखाली असते. ती समिती वेळेवर बसली नाही की बँक खातं उघडत नाही. आमच्या एका मुलाला बँकेनं परत पाठवलं, सही दरवेळी वेगळी येते म्हणून, आणि तीच सही तो चित्राच्या कोपऱ्यात करतो तेव्हा लोक फोटो काढतात. २०१६ च्या कायद्यानं त्याला स्वतःचं खातं चालवायचा हक्क दिलाय. समितीची तारीख तिमाहीला ठरवून जाहीर करा आणि लीड बँकेच्या बैठकीत हा विषय एकदा घ्या.

हे सगळं एका दिवसात होणार नाही हे मला कळतं. पहिल्या वर्षी एवढं करा: प्रत्येक जिल्ह्यात झेडपीच्या पंचवीस शाळांच्या भिंती दिव्यांग गटांना द्या, मिस्त्रीच्या भावानं. १७ सप्टेंबरचे मेमेंटो आमच्याकडून घ्या, मातीचे किंवा कापडाचे, मे महिन्यात सांगा. कार्यक्रमात ज्या चित्राला हात लावाल त्याचा भाव विचारा. संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे, तिथली मुलं महिन्यातून दोन दिवस आमच्याकडं आली तर रंगाची, भट्टीची, पॅकिंगची कितीतरी गोष्टी शिकता येतील, आणि त्यांना पण आमच्या पोरांकडून शिकायला मिळेल, हे मी नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही. आमच्या दोघांनी चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिलीय, एकाला बी ग्रेड आहे.

आमची टीम सध्या सात जणांची आहे. पावसाळा सोडून कधीही भिंत घेतो. स्वतःची शिडी आहे, दोन आहेत. तालुक्याच्या बाहेर जायचं असेल तर मुक्कामाची सोय आणि जमिनीवरचं नाही असं संडास, एवढंच लागतं.

आणि ती बैलजोडी. ज्या साहेबांच्या केबिनमध्ये आहे त्यांच्या लक्षात येईल. बावीस बाय अठरा इंच, कॅनव्हासवर ॲक्रिलिक, अकरा दिवसांचं काम, फ्रेम आम्हीच केलेली. तेव्हा सांगायचं राहून गेलं, भाव चार हजार रुपये. पोरगा फेब्रुवारीपासून परत येतोय, बिल गटाच्या नावानं तयार करून ठेवलंय.

आपली,
एक हस्तकला शिक्षिका
परभणी जिल्हा